बॉबिनचं पाणी

३ मार्च, मंगळवार

पाण्याचं भांडं पुन्हा कोरडं! रात्री काठोकाठ भरलं होतं. मी म्हटलं, उकाडा आहे. धाकटी ऑफिसला निघता निघता म्हणाली, "ताई, उकाडा कसला! बॉबिन पाणी किती पितेय बघ. अंगही गळलंय तिचं. तुला दिसत कसं नाही?" वर्ष झालं मांजराची रक्तातली साखर आपोआप ताळ्यावर होती, इन्सुलिनची सुई बंद होती. मी तिचं बोलणं झटकून टाकलं. मग बॉबिनला शिलाई मशीनखालून उचललं. हातात नुसती हाडं.

४ मार्च, बुधवार

साखर परत आलीये. त्यात मूत्रपिंडं थकलीत, पोटही बिघडलंय — उलट्या, शी अडकलेली. "एकाला औषध द्यावं तर दुसरं रुसतं," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण म्हातारी चिवट आहे. बघू." त्यांचं ते 'बघू' मला नको होतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी मूत्रपिंड दाखवलं. ओव्हरकोटाच्या बटणाएवढं! एवढंसं ते, आणि अंगातलं सगळं रक्त धुतं, न थांबता, इतकी वर्षं. मी आजवर मांजराला नुसतं मांजर समजत होते.

८ मार्च, रविवार

आधी खाणं, मग सुई — असा नियम. आणि ही खाईना. मूत्रपिंडासाठीचं ते खास खाणं मी स्वतः चाखून पाहिलं. तिचं बरोबर आहे!

सलाईनही आता घरीच द्यायचं, कातडीखाली. सुई कुठे टोचावी तेच कळेना. जन्मभर सुईवर पोट भरलेली बाई मी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कापडाची चुणी धरता ना, तशी मानेमागची कातडी धरा." चुणी आठवली आणि हात आपोआप शहाणा झाला.

खांद्यावर पाण्याचा हा एवढा उंचवटा आला. मग तो घरंगळत पुढच्या पायाकडे उतरला. आणि संध्याकाळपर्यंत गायब! कुठे गेलं ते पाणी? तिच्यात. तिनं ते आपलं करून टाकलं. मी हातातली कात्री तशीच धरून बघत राहिले.

१२ मार्च, गुरुवार

धाकटीची पँट कमरेत आवळून दिली. म्हणे, काही न करता बारीक झाले! जेवते तर माझ्या दुप्पट. आणि मी पाणी प्यायले तरी अंगी लागतं. एकाच आईच्या पोटच्या आम्ही!

१३ मार्च, शुक्रवार

उलटी. पुन्हा उलटी. फोनवर विचारून सुई अर्धीच दिली. खूप भीती वाटते.

१७ मार्च, मंगळवार

शी झाली! बॉबिनला शी झाली! मी घरभर नाचले. धाकटीला ऑफिसात फोन केला. "थांब गं, आधी पाणी पिते," म्हणाली, घटाघटा प्यायली, ऐकल्यावर असली ओरडली की शेजारच्या टेबलवाल्याला वाटलं हिला बढती मिळाली.

२१ मार्च, शनिवार

आज मी हाक मारलीच नाही. सुईचा गजर वाजला तशी बॉबिन आपणहून कापडं बेतायच्या टेबलावर चढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. दुखतं हे तिला ठाऊक आहे — तरी आली. कुणी शिकवलं तिला हे? भल्याभल्यांना सुईच्या नावानं घाम फुटतो. मी टोचायचं विसरून तिला हात जोडले. खरंच जोडले! कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

फ्रिजमधल्या बाटल्या सगळ्या रिकाम्या. धाकटी पिते, पण भरायचं नाव नाही. सोफ्यावर झोपलीये, भर दुपारी. शेंडेफळ!

२६ मार्च, गुरुवार

साखर उतरतेय. मूत्रपिंडं आहेत तिथे टिकून आहेत. ती खातेय! डॉक्टरीणबाई आज 'बघू' म्हणाल्या नाहीत. "पाणी किती पिते आणि वजन किती भरतं, एवढ्यावर डोळा ठेवा," म्हणाल्या. "ती बोलणार नाही. तेच तिचं बोलणं."

२९ मार्च, रविवार

धाकटी तीच पँट घालून समोर उभी — पुन्हा आवळून दे. मी तोंडात टाचण्या धरून कमरेची चुणी घेतली. चार बोटं आत आली. वर पाहिलं. तिच्या हातात पाण्याची बाटली.

टाचण्या खाली ठेवल्या. बॉबिनचं साखर मोजायचं यंत्र आणलं, नवी सुई लावली, धाकटीचं बोट टोचलं.

मांजरापेक्षा जास्त. कितीतरी जास्त.

"हललेसुद्धा नाही बघ," ती म्हणाली. "बॉबिनसारखी."

टाचलेल्या पँटवरच निघतोय. माणसांच्या डॉक्टरांकडे.