कोरड्या तळ्यातली साठ रोपं

सोम. २७ जाने.
चार दिवस सायकल मारून काल घरी. बसवत नाही, चहा उभ्यानेच प्यायले. बंगळूरच्या मारतहळ्ळीहून येलहंका, देवनहळ्ळी, पुढची गावं आणि परत. ‘तळी वाचवा’ राइड. बावीस सायकली, आणि मागे प्लास्टिकच्या बाटल्या भरलेला टेम्पो नि तीन गाड्या. पर्यावरणासाठी! विवेकला म्हटलं तर म्हणे, “सेफ्टी लागते गं.” नवरा कॅप्टन असला की बायकोने तोंड मिटून पॅडल मारायचं.

मंगळ. २८
लिहूनच टाकते, ऑफिसात लक्ष लागत नाहीये. तिसऱ्या दिवशी देवनहळ्ळीच्या पुढे एका कोरड्या तळ्यात होंगेची, म्हणजे आपल्या करंजाची, साठ रोपं लावली. खड्डे आदल्या दिवशीच जेसीबीने तयार. आम्ही रोप ठेवायचं, माती लोटायची, हसायचं. तेवढ्यात बांधावर चहाची टपरी चालवणारी रत्नम्मा धावत खाली आली. टीममध्ये कन्नड मला एकटीलाच येतं, आमच्या सात पिढ्या इथे गेल्या. बाकी सगळे पुण्या-नागपूरचे, ‘स्वल्प’च्या पुढे गाडी नाही. ती म्हणाली, “अक्का, इल्ली नीरु बिडतारे.” इथे पाणी सोडणार आहेत. पाइप बांधापर्यंत आलाय, होळीच्या आत माणूसभर पाणी.
विवेकला सांगितलं. तो: “फोटो होऊ दे, मग बघू.” फोटो झाला. मग बघायला कोणी थांबलं नाही. मीही नाही. सायकलवर बसता बसता तिला म्हटलं, मी येते, काढून बांधावर लावते. नंबरही दिला. कुणी सांगितला होता शहाणपणा!

रवि. २ फेब्रु.
ग्रुपवर टाकलं: पुढच्या रविवारी जाऊन रोपं वर हलवू या. सगळ्यांनी वाचलं. नऊ अंगठे. एकाने हात जोडले. “येतो” एकही नाही. एक विचारतो, “तळ्यात पाणी येतंय म्हणजे आपली राइड सक्सेसफुल ना?” कपाळ!

शनि. ८
विवेकशी भांडण. उद्या जायचं ठरलेलं, तर याची पुढच्या राइडची मीटिंग. “साठ रोपांसाठी इतकं काय? दुसरी लावू.” म्हटलं, लावू नकोस, कृपा कर. 
खरं तर माझाही पाय निघत नव्हता. भांडण झालं ते बरंच झालं, घरी राहायला निमित्त मिळालं. लाज वाटते.

गुरु. २०
ऐन कॉलमध्ये रत्नम्माचा फोन. बाहेर जाऊन घेतला. वॉल्व्ह बसवलाय, सोमवारी पाणी सोडणार. ओरडली नाही, नुसतं विचारलं, “बरतीरा?” येणार ना? परवा राइडबद्दल विवेकचा सत्कार, टीमसकट. माझी साडी इस्त्री होऊन आलीय. काय करू

शनि. २२ (परतीच्या बसमध्ये, अक्षर वाकडं)
गेले. साडी कपाटात. सकाळी विवेक, “अगं, स्टेजवर काय सांगू?” रोपं काढायला गेली म्हणून सांग. दोन बस, मग ऑटो. ऑटोवाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं, “स्वल्प नडीरी अक्का.” थोडं चाला. ते ‘स्वल्प’ दोन किलोमीटर.
मनात होतं, एव्हाना वाळून गेली असतील. होतं कशाला, तशी आशाच होती. वाळली असती तर प्रश्न मिटला असता. एकही वाळलं नव्हतं. कोवळी पानं फुटलेली. रत्नम्मा टपरीवर कपबशा विसळून झाल्या की ते पाणी रोज घागरीतून खाली नेऊन घालत होती. महिन्याभरात मुळांनी अशी माती धरलीय की उपटताना तुटल्याचं ऐकू येतं. प्रत्येक वेळी शिवी येत होती तोंडात, विवेकला, ग्रुपला, मग स्वतःलाच.
शेवटी तिच्यावरच चिडले. बुडणार हे तुम्हाला माहीत होतं, मग पाणी घालत कशाला बसलात?
तिने कुदळ खाली ठेवली. तिला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.
“नीवु बरतीनि अंदिद्रल्ला.” तुम्ही येते म्हणाला होतात ना.
खाली मान घालून खणत राहिले.
दिवसभरात दोघींनी मिळून एकोणीस वर लावली. ती तरी जगतील का, देव जाणे. एक्केचाळीस अजून खालीच. हाताला फोड. विवेकचा फोटो आलाय, हार, शाल, सगळी टीम हसतेय. उत्तर दिलं नाही. उद्या रविवार, एकच दिवस हातात आहे, आणि आत्ता कंबर अशी धरलीय की सीटवरून उठता येईल का तेच कळत नाही.
निघताना ‘उद्या येते’ म्हणायची हिंमत झाली नाही. तिनेही विचारलं नाही. घागर भरली आणि उरलेल्या एक्केचाळीसांना पाणी घालायला खाली उतरली.