देवयानीतला पुसट पुंजका

आप्पा, आमच्या शाळेतल्या मुलांच्या आयांनी यंदा ताऱ्यांच्या अभ्यासाला हात लावला. तुम्ही असता तर तुम्हालाही संगणकापुढे बसवलं असतं. देवयानी नावाची आपल्या शेजारची दीर्घिका आहे, सर्पिल, भोवऱ्यासारखे हात पसरलेली. तिथे तारे एकेकटे जन्मत नाहीत, घोळक्यानं जन्मतात. ते घोळके मोजले की लहान तारे किती आणि थोराड किती जन्मतात याचा अंदाज येतो. शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतल्या चित्राचे बारीक तुकडे करून इंटरनेटवर ठेवलेत. तुमच्याआमच्यासारख्यांनी बघायचं आणि पुंजका दिसला की भोवती वर्तुळ काढायचं. एकच तुकडा पुष्कळांना दाखवतात, पण कोणाला दुसऱ्याचं वर्तुळ दिसू देत नाहीत.

शनिवारी शाळा सुटल्यावर सात-आठ जणी यायच्या. बहुतेक आपल्या खानदेशातल्या, घरी साड्यांचे धागे कापणाऱ्या. पहिल्याच दिवशी एकीनं कडेच्या पुसट डागाभोवती वर्तुळ काढलं. मी मागून म्हटलं, तिथे काही नाही, काढून टाका. तिनं मुकाट्यानं पुसलं. मग सगळ्याच जणी मान वळवून मला विचारू लागल्या, "मॅडम, हाई शे का नही?" मीही ऐटीत हो-नाही सांगत सुटले. अर्ध्या तासानं लक्षात आलं की आठ जणी बसल्यात आणि बघतेय मी एकटीच.

तेव्हा कडोदऱ्याच्या कापड गिरणीतलं तुमचं तपासणीचं खातं आठवलं. मी बारा वर्षांची, सुटीत तुमचा डबा घेऊन आलेय. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट जळतेय, वरून कापड सरकतंय, तुटलेला धागा दिसला की तुम्ही खडूनं खूण करताय. मी हट्ट केला म्हणून कापडाचा एक अख्खा ताका तुम्ही मला बघायला दिलात. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी तोच ताका आधी पाहिला होता. मी हळूच त्यांना विचारून आले आणि त्यांनी सांगितलं तिथेच खुणा केल्या. तुम्ही कापड परत ओढलंत. मावशींच्या नजरेतून सुटलेला एक धागा माझ्याही खुणांतून सुटला होता. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तुले जे दिसनं तेच सांग. तिनं पाह्यलं, तू नही पाह्यलं. मंग दोन जण कशाले?" मी घरी येईपर्यंत रडले, आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

त्या शनिवारी मी बायांना सांगितलं की मलाही यातलं फारसं कळत नाही, मघाशी उगाच सांगत होते. खुर्ची उचलून दाराशी जाऊन बसले. मग जिनं वर्तुळ पुसलं होतं तिनं ते पुन्हा काढलं, माझ्याकडे न बघता. काही महिन्यांनी शास्त्रज्ञांची पक्क्या पुंजक्यांची यादी आली. मी तो तुकडा शोधून पाहिला. तो डाग पुंजकाच होता. जगभरातल्या कितीतरी माणसांनी एकमेकांना न विचारता तिथेच वर्तुळ काढलं होतं. मी तिला ते दाखवलं तेव्हा ती पदर सावरत हसली आणि म्हणाली, आम्ही दिवसभर हेच तर करतो, साडीवरचा बारीक धागा हुडकतो.

तिनं मला विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझे वडील कापड तपासायचे, त्यांनी. आप्पा, हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले. माझ्या लग्नाच्या बैठकीत मी सासऱ्यांना सांगितलं होतं, आप्पा मॅनेजर आहेत. तुम्ही शेजारीच बसला होतात. तुम्ही नुसता चहाचा कप खाली ठेवलात आणि पाहुण्यांना, प्रवास कसा झाला, असं विचारलंत. पुढे कधी विषयही काढला नाहीत. हे पत्र मी कुठे टाकणार? पण त्या दिवशी खोटं बोलले, हे तुमच्या देखत कबूल करायला मला वीस वर्षं होती, आणि मी केलं नाही.