गाडीवाल्यांना नोटीस काढण्याबाबत

तीर्थस्वरूप वकीलदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कमरेने अलीकडे बरीचशी अंगं रजेवर पाठवली आहेत.) तुमचा गुडघा काय म्हणतो, वहिनींना झोप लागते का, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यावरचा तुमचा खटला कुठवर आला, हे सविस्तर कळवा. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे. आम्ही सुखरूप नाही. तुमच्या बहिणीची तब्येत तुम्ही गेल्या खेपेला पाहिलीतच. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, पहाटेची पाळी आहे, आणि वेळेवर पोचलं नाही की मशीन दुसऱ्याला देतात. लागोपाठ चुकलं तर पाणी छातीत चढेल आणि मग माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. ज्या आवाजात आपण दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगतो, त्या आवाजात सांगितलं. तेव्हा पुढे मी गाडीबद्दल जो काही त्रागा केला आहे तो या एका गोष्टीसाठी आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

पूर्वी आम्ही टॅक्सीने जात होतो. पहाटे टॅक्सी मिळणं म्हणजे दिव्य, आणि मिळाली की ती अशी आदळायची की येताना हिचा जीव मेटाकुटीला यायचा. घरी येऊन पडली की संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड. एक दिवस तशीच पडल्या पडल्या म्हणाली, मला आता नको वाटतं जायला. म्हटलं, हिचे हाल होताहेत आणि आपण काय बघत बसलोय? त्याच संध्याकाळी चिरंजीवांना फोन केला आणि गाडी घ्यायचं ठरवून टाकलं. चिरंजीव म्हणाले, बाबा, विजेवरची घ्या, आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही, आईला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल. (आईच्या बाबतीत चिरंजीवांना सगळं कळतं. फक्त यायला सवड होत नाही.)

शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना त्यांनी आमचा फोटो काढला. त्यासाठी हातात पुठ्ठ्याची एक किल्ली दिली, चांगली माझ्या छातीएवढी. दादा, उभा जन्म माझा किल्ल्या घासण्यात गेला. मी त्या पोराला विचारलं, ही कुठल्या कुलपाची? तो हसला. मी म्हटलं, हसू नका, हे दाते असे समोरासमोर असले तर ही किल्ली जगातल्या कुठल्याच कुलपात फिरणार नाही. ही मागून म्हणाली, अहो, फोटो काढायचाय, चोरी नाही करायची. फोटोत मी तोंड वाकडं करून उभा आहे ते त्यामुळे. मग खरी किल्ली हातात ठेवली, तर ती साबणाची वडी! ना दाता, ना खाच. नुसती खिशात ठेवायची, म्हणे. तुम्ही जवळ आलात की गाडी तुम्हाला ओळखते, आरसे उघडते, दिवे लावते. अशा दोन वड्या मिळाल्या. एक मी घेतली, दुसरी हिला सांभाळायला दिली.

आता आमच्या दुकानाची शिस्त तुम्हाला माहीत आहे. घरातली असो की गिऱ्हाइकाची, कुठलीही किल्ली टेबलावर पडता कामा नये, ती भिंतीवरच्या फळीवर आपल्या खिळ्यालाच गेली पाहिजे. नव्या गाडीच्या किल्लीला मी मानाचा पहिला खिळा दिला. गाडी उभी राहते बोळात, म्हणजे त्याच भिंतीच्या पलीकडे. मला वाटलं, सोयच झाली.

गाडी येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. पहाटे ही तयार होऊन दारात उभी, अंगावर शाल, हातात पिशवी, आणि गाडी मेलेली. दिवा नाही, आवाज नाही (आवाज तसा जिवंतपणीही नव्हता, त्यामुळे मेली हे कळायलाच वेळ गेला), दारसुद्धा उघडेना. या शहरातली निम्मी दारं मी उघडली आहेत. बँकेच्या मॅनेजरला त्याच्याच संडासातून सोडवलेला माणूस मी, आणि स्वतःच्या गाडीपुढे हात चोळत उभा! शेवटी त्या वडीच्या पोटात लपवलेली एक चिमुकली खरीखुरी किल्ली सापडली. दाते असलेली! असा आनंद झाला की क्षणभर पहाट, पिशवी, डायलिसिस सगळं विसरलो. दार उघडलं. गाडी मेलेलीच राहिली. कंपनीला फोन लावला तर एक बाई गोड आवाजात हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, करत राहिली आणि आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणून गाणं लावून गेली. टॅक्सी मिळून पोचेपर्यंत मशीन गेलं होतं. हातापाया पडून मधल्या वेळेत अर्धंमुर्धं करून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ही मात्र शांत. राहू दे हो, म्हणाली, एखादा दिवस चालतं.

मग टोचनवाला आला. या गाडीत वीज नसली की चाकंही फिरत नाहीत, म्हणून तिला चारी पाय वर करून उचलून न्यावी लागली. सगळा बोळ गॅलरीत. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी (हे तोंड उघडतात ते सल्ला द्यायलाच) वरून विचारलं, काय, परत केली? कंपनीत त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, काका, गाडीत एक छोटी बॅटरी असते, ती उतरली. का उतरली? तर किल्ली रात्रंदिवस गाडीच्या जवळ होती. भिंतीपलीकडे किल्ली असल्यामुळे गाडीला वाटत होतं, मालक आले, मालक आले. बिचारी जागीच होती. मी म्हटलं, ही गाडी आहे की नवी सून? पण चूक माझीच होती, ती मी कबूल केली. घरी येऊन किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा स्वयंपाकघरात, अगदी वरच्या फळीवर ठेवला. माझ्या हयातीत पहिल्यांदा एखादी किल्ली खिळ्याविना राहिली.

गाडी काही दिवस छान चालली. खोटं कशाला बोलू, पाळणाच. आणि पुन्हा मेली. पुन्हा पहाट, पुन्हा शाल, पुन्हा पिशवी. त्या दिवशी टॅक्सीही मिळाली नाही आणि पाळी पूर्ण चुकली. रात्री हिला आडवं होता येईना, उशांना टेकून बसवली, ओठ निळे पडायला लागले. अॅम्ब्युलन्सने नेली, दादा. ऑक्सिजन लावून. मी मागच्या बाकावर तिचे पाय धरून बसलो होतो, इतके सुजले होते की बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. तुम्हाला फोन केला नाही कारण हिने शपथ घातली होती. कंपनीने छोटी बॅटरी फुकटात नवी बसवली, जशी काही मला भेटच दिली. आणि काल तिसऱ्यांदा मेली.

आता मी कंपनीत जाऊन जे बोललो ते इथे लिहीत नाही, पत्र वहिनीही वाचतील. त्यांचा इंजिनिअर घरी आला. शांत प्राणी. मी जेवढा चढतो तेवढा तो हळू बोलतो. म्हणाला, काका, नक्की कुठलीतरी किल्ली गाडीजवळ आहे. मी डबा काढून त्याच्या नाकासमोर आपटला. हे बघा, किल्ली इथे! किल्ल्यांबद्दल तुम्ही मला शिकवणार? ही आत कॉटवर बसून ऐकत होती. म्हणाली, अहो, त्यांच्यावर कशाला ओरडता. तो बिचारा गाडी चालू करून देऊन चहा न घेता गेला.

तेव्हा दादा, तुम्ही गाडीवाल्यांना कडक नोटीस काढा. सदोष गाडी गळ्यात मारल्यामुळे रुग्णाच्या जिवाला धोका, असं काहीतरी, तुमच्या भाषेत, वाचून घाम फुटेल असं. इतकी वर्षं तुम्ही परक्यांसाठी भांडलात, आता एकदा सख्ख्या बहिणीसाठी भांडा. उद्या पहाटे पुन्हा पाळी आहे. गाडी सध्या चालू आहे, पण तिचा भरवसा नाही. कालची पाळी चुकलीच आहे, आता उद्याची चुकून चालणार नाही. मला धडकी भरली आहे.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, कुत्र्याला काही नाही.

तुमचा आज्ञाधारक,
किल्लीवाला मेहुणा

ता. क. नोटीस काढू नका.

पत्र लिहून झालं आणि तिकिटं शोधायला दुकानात गेलो. फळीच्या अगदी खालच्या खिळ्याला, जुन्या गंजक्या जुडग्यांच्या मागे, हिला सांभाळायला दिलेली दुसरी वडी लटकत होती. भिंतीला टेकून. पलीकडे गाडी. मला वाटलं, सवयीने अडकवली असेल, आमच्याकडे सगळ्यांनाच ती सवय. हसतच आत गेलो आणि म्हटलं, अगं, चोर घरातच सापडला. हिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मीच लावली होती. त्या दिवशी कंपनीतून येऊन तुम्हीच सांगितलंत ना, जवळ ठेवली की बंद पडते.

मला राग आला, खूप राग आला. म्हटलं, जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही गाडी घेतलीत.

दादा, मी दुकानात जाऊन ती वडी खिळ्यावरून काढली आणि पुन्हा या पत्रापाशी येऊन बसलो. पत्र फाडून टाकणार होतो, पण आता पुन्हा पहिल्यापासून लिहायचं बळ नाही, म्हणून आहे तसंच पाठवतो.

ता. क. दुसरा. तेव्हा मागणं एवढंच. हातातली कामं टाकून या आणि तिला समजवा. ती माझं ऐकत नाही, चिरंजीवांचं ऐकत नाही, डॉक्टरांचं हो हो करते. तुमच्यापुढे तिने कधी आवाज काढलेला नाही. तुम्ही म्हणाल तर ती जाईल. ती गेली नाही तर माझं काय होईल याचा विचार मला करवत नाही. मला भीती वाटते, दादा. खरंच वाटते.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात.

दादा, ह्यांची पाकिटं चिकटवायचं काम लग्नापासून माझ्याकडे आहे, म्हणून वाचलं. आत्ता दुपारचे दोन्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपलेत. एवढं लांबलचक पत्र, आणि सगळी गाडीच गाडी. गाडी चांगली आहे रे. तिचा काही दोष नाही. त्या इंजिनिअरला मी फोन करून माफी मागितली.

उद्या मी जाणार आहे. ह्यांचं तोंड बघवत नाही म्हणून. त्याच्या पुढचं ह्यांना सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगत नाही. तू समजवायला येणार असशील तर येऊ नकोस. तू बोलायला लागलास की मी हो म्हणेन, मला तुझ्यापुढे नाही म्हणता येत नाही, आणि या बाबतीत मला तसं हो म्हणायचं नाही.

नुसता भेटायला ये. चार दिवस राहा. पण लवकर ये.