गोठ्यातलं बटण

तीर्थरूप अण्णांना शाहूपुरीतून वैतागलेल्या स्नेहलचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिते. मी बरी हाय, जेवणाचा डबाही चांगला येतो. आईचा पाय आता टेकतो का?

ती गोठ्यात पडली, हाका मारत राहिली आणि तुम्ही घरात असून तुम्हाला कळलं न्हाय. तेव्हाच ठरवलं, कॉलेजच्या प्रोजेक्टला एलईडी दिव्यांची पेटी करायची. आईनं गोठ्यातलं बटण दाबलं की घरातली पेटी लाल होणार, दाराची बेल वाजली की निळी.

पण अण्णा, जीव नकोसा झाला! प्रोग्राम लिहिला तर लालच्या जागी हिरवा लागतो. तो नीट केला, तर प्रोजेक्टमधला माझा जोडीदार अमरसिंह, त्यानं वायरी उलट्या जोडून दिव्यांची अख्खी पट्टी जाळली. वर म्हणतो, "गाण्यावर नाचणारे दिवे करूया की, बक्षीस मिळंल!"

म्हटलं, "आमच्या गोठ्यात ऑर्केस्ट्रा हाय व्हय?"

काल सरांसमोर बटण दाबलं आणि पेटी एकदाची लाल झाली. मी खूश. सर म्हणाले, "आणि वडील झोपलेले असले तर?"

असा राग आला! पण खरंच होतं त्यांचं. आता मोबाईलमध्ये असते तसली थरथरणारी मोटर तुमच्या उशीखाली बसवायची, म्हणून सगळी पेटी परत उघडून बसलीय.

झाली की घेऊनच येते. तोवर आई गोठ्यात असताना तेवढं झोपू नका, अधूनमधून डोकावून या.

तुमची,
स्नेहल