काळ निवडण्याचा हक्क

मी, विनिफ्रेड ओल्डरशॉ, कै. क्लेमेंट ओल्डरशॉ यांची पत्नी, वय वर्षे ७६, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली कारकून, राहणार इल्केस्टन, डर्बीशायर, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्याच हाताने, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्यातली एक झडप डॉक्टर पुढच्या मंगळवारी, ३ डिसेंबरला, बदलणार आहेत. वेळ आली आहे. काळ आला आहे का, ते मंगळवारी कळेल. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते आणि त्यात सगळे क्लेमेंटला दिले होते. तो माझ्या आधी गेला, म्हणून ते रद्द.

माझ्या वकीलबाई मिस ऑलसप म्हणाल्या, "तुम्ही नुसते मुद्दे सांगा, मी नीट लिहून देते." मी नको म्हटले. बत्तीस वर्षे मी शाळेच्या दाखल्यांवर मुलांच्या जन्मतारखा लिहिल्या आणि एकही चुकली नाही. या वाक्यावर मी आत्ता उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. का, ते पुढे येईल.

कलम १. घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी हिलरी हिला. ती लीड्सला राहते आणि हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. विकावे. फक्त मागच्या दाराची कडी आधी बदलून घ्यावी. तिच्या वडिलांनी ती एकोणीस वर्षे "उद्या बदलतो" म्हणून तशीच ठेवली.

कलम २. माझे रंगवायचे कुंचले, भिंग आणि रंगांच्या बाटल्या आमच्या मंडळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते: आमचे मंडळ बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक रंगवते आणि जुनी युद्धे टेबलावर, फासे टाकून, पुन्हा लढते. क्लेमेंट आणि त्याचा मित्र नॉरिस गॉडबर या दोघांनी १९७४ साली ते सुरू केले. क्लेमेंट लढायचा, मी रंगवायची. त्याचे निम्म्याहून अधिक विजय माझ्या कुंचल्याचे आहेत, कारण सैन्य देखणे असले की समोरचा माणूस ते बघत बसतो आणि त्याची चाल चुकते.

कलम ३. माझी नणंद बेरिल हिला धूळ झटकायचा ब्रश. क्लेमेंटच्या अंत्यविधीला, सँडविच तोंडात असताना, तिने मला विचारले होते, "आता त्या खेळण्यांची धूळ कोण झटकणार?" हे उत्तर समजावे.

कलम ४. स्पर्धेचा विषय.

हिलरी फोनवर म्हणाली, "आई, मृत्युपत्रात कोणी खेळाचा विषय घालतं का?" मी म्हटले, "ज्याचा त्याचा ऐवज असतो, बाई." आमची स्पर्धा जूनच्या दुसऱ्या शनिवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये असते. ती कोणत्या काळातल्या लढायांची असणार, हे नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी जाहीर होते, म्हणजे लोकांना रंगवायला अख्खा हिवाळा मिळतो. काळ एकाच माणसाने निवडायचा. पहिल्या वर्षी मतदान केले होते, तेव्हा रात्री हॉलवाल्याने दिवे मालवले तरी दोघे जण अंधारात नेपोलियनवरून भांडत होते. तेव्हापासून निवड क्लेमेंटची, आणि तो गेल्यापासून, म्हणजे २०११ पासून, माझी. चिठ्ठीवर फक्त देश आणि साल लिहायचे, युद्धाचे नाव लिहायचे नाही. नाव आले की वाद आला: एकाचे बंड ते दुसऱ्याचे स्वातंत्र्य.

येता गुरुवार म्हणजे परवाचा २८ तारखेचा. मला अजून काही सुचलेले नाही, असे मी सगळ्यांना सांगते आहे.

तरी लिहिते. विषय: डेन्मार्क, १८६४.

नको. त्यात एका बाजूकडे झटपट भरायच्या बंदुका आणि दुसरीकडे जुन्या. अर्धा हॉल हरायलाच येईल. हरणाऱ्यालाही दुपारपर्यंत आशा असली पाहिजे, नाही तर अख्खा हिवाळा रंगवायचे कशाला? रद्द.

विषय: बोहेमिया, १४२०. शेतकरी मोठ्या गाड्यांचा कोट करून आत बसतात आणि घोडेस्वारांना झोडपतात. वाचायला झकास. पण खेळताना दोन्हीकडचे लोक गाड्यांमागेच बसतील, बाहेर कोणी येणार नाही आणि दिवस चहात जाईल. शिवाय गाड्यांची चाके. मी एका वर्षी चाळीस चाके रंगवली आहेत, शत्रूवरही ती पाळी येऊ नये. रद्द.

सीरिया, ख्रिस्तपूर्व १२७४. रथ. एकेका रथाला दोन घोडे, म्हणजे आठ पाय. रद्द.

चहा गार झाला. तिसऱ्यांदा. मी मघापासून टेबल, खिडकी, पुन्हा टेबल अशा येरझारा घालते आहे आणि जगभर हिंडते आहे. गेल्या सव्वीस वर्षांत या मंडळाने डेन्मार्कपासून पेरूपर्यंत सगळीकडे युद्ध केले. एका देशाचे नाव मात्र चिठ्ठीवर आले नाही. इंग्लंडचे. कोणी तसे ठरवले नव्हते. नुसते कोणाला ते घ्यावेसे वाटले नाही. त्यामागचे खरे कारण फक्त मला माहीत आहे, आणि आता ते लिहिल्याशिवाय मी पुढच्या मंगळवारी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.

कलम ५. कबुली.

नोव्हेंबर १९९७. क्लेमेंट न्हाणीघरात दाढी करत होता, मी खाली भट्टीत भाजायच्या मटणाच्या भांड्यावर कणकेचे झाकण घालत होते. तो वरून ओरडला, "विनी, नॉरिसला चिठ्ठी लिहून ठेव. इंग्लंड, सोळाशे बेचाळीस." मी पिठाच्या हातांनी पेन्सिल घेतली आणि लिहिले: इंग्लंड, १४६२.

त्या दिवशी नॉरिस ओतकामाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता, म्हणून सभेला आला नाही. सभेत क्लेमेंटने तोंडाने सोळाशे बेचाळीस सांगितले. आमच्या लोकांनी ते ऐकले आणि भालेकरी, बंदूकवाले रंगवायला घेतले. नॉरिस मंडळाचा चिटणीस. त्याने माझी चिठ्ठी पुढे ठेवून पत्रके टंकली आणि लिंकन, ग्रँथम, चेस्टरफील्डच्या मंडळांना पाठवली. आपल्याच लोकांना टपालखर्च कशाला, म्हणून गावात पत्रक कोणाला दिले नाही. बाहेरच्यांनी चौदाशे बासष्टचे तिरंदाज रंगवले. कोणाला शंकाही आली नाही, कारण आमचे पूर्वज दोन्ही साली आपापसांतच लढत होते. आणि आमच्यात रीत अशी की सैन्य स्पर्धेच्या दिवसापर्यंत कोणाला दाखवायचे नाही. सात महिने सगळे आपापले खोके झाकून बसले.

जूनच्या शनिवारी नऊ वाजता खोकी उघडली. एका टेबलावर धनुष्ये, समोर बंदुका. मध्ये एकशे ऐंशी वर्षे. आधी लोक हसले. मग लिंकनचा एक माणूस म्हणाला, "मी दोन तास गाडी चालवत आलो," आणि हसणे थांबले. नॉरिसने स्वतः तीनशे तिरंदाज रंगवले होते, एकेकाच्या अंगरख्यावर पांढरा गुलाब. क्लेमेंट सत्तर लोकांसमोर त्याला म्हणाला, "ज्याला चार आकडे धड लिहिता येत नाहीत, त्यानं चिटणीस होऊ नये."

"चिठ्ठीत हेच होतं," नॉरिस म्हणाला. "पत्रकं टपालात टाकल्यावर ती तुमच्याच घरी परत पाठवलीये. बघा."

क्लेमेंटने मला घरी पाठवले. चिठ्ठ्या आम्ही बिस्किटांच्या डब्यात ठेवायचो. पावणेएक वाजता ती माझ्या हातात होती. माझे अक्षर, माझा चारचा आकडा, कोपऱ्यात पिठाचे बोट. मी हॉलमध्ये परत गेले आणि म्हणाले, "सापडली नाही."

एवढेच दोन शब्द. मला वाटले, संध्याकाळी क्लेमेंटला सांगू. संध्याकाळी तो इतका चिडलेला होता की उद्या सांगू म्हटले. आमच्या घरात उद्या म्हणजे काय, ते वर कडीच्या कलमात आले आहे. नॉरिसने सोमवारी राजीनामा टपालाने पाठवला आणि पुन्हा हॉलची पायरी चढला नाही. बाजारात भेटला तर टोपीला हात लावायचा, बोलायचा नाही. क्लेमेंटच्या अंत्यविधीला तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि गाणे संपायच्या आत निघून गेला. क्लेमेंटला मरेपर्यंत खरे कळले नाही. मला लाज वाटते. अजून काही शब्द शोधले, पण हाच खरा आहे.

ती चिठ्ठी या मृत्युपत्राला परिशिष्ट म्हणून जोडली आहे.

कलम ६. म्हणून, क्लेमेंटचे सोळाशे बेचाळीसचे संपूर्ण सैन्य, काचेच्या कपाटासह, नॉरिस गॉडबर यांना. स्पर्धेचा काळ निवडण्याचा हक्कही त्यांनाच, ते हयात असेपर्यंत. कलम ५ माझ्या पश्चात मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे. वाचण्याची जबाबदारी मिस ऑलसप यांची.

येथे मृत्युपत्र संपत होते. पुढचे आज दुपारी लिहिले.

सही करण्याआधी नॉरिसला हे दाखवावे, असे सकाळी मनात आले आणि मी फोन करून बसले. तो अकराला आला. वय एकोणऐंशी, हातात काठी. कोट काढला नाही. आमच्या गावात लोक एकमेकांना 'बदका' म्हणतात, मित्रालाही आणि बस कंडक्टरलाही. तो मला पूर्वी तसेच म्हणायचा. आज म्हणाला, "बोला, मिसेस ओल्डरशॉ."

मी कागद पुढे केले. तो सगळे वाचेपर्यंत मी दोनदा किटली ठेवली आणि दोनदा बंद केली.

"पावणेएक वाजता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी हॉलबाहेर भिंतीला टेकून उभा होतो तेव्हा. तू माझ्यासमोरून आत गेलीस."

"हो."

"मला वाटायचं, मीच चुकीचं वाचलं असेल. पुढं चष्मा बदलला. मग कारखान्यात प्रत्येक साच्याचा नंबर तीन-तीनदा तपासायला लागलो. पोरं मला 'तीनदा' म्हणायची." त्याने पुन्हा कागदाकडे पाहिले. "आणि हे सगळं वाचणार कधी?"

"मी गेल्यावर. वकीलबाई वाचतील."

"झकास. तू मस्त जमिनीखाली, क्लेमेंट शेजारी, आणि मी हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं बघत उभा. भांडू कोणाशी? त्या वकीलबाईशी?"

मी म्हटले, "तुला सैन्य दिलंय. हक्क दिलाय."

"सैन्य माझ्याकडे आहे. तीनशे. कपाटावर पडलंय." मग तो म्हणाला, "गुरुवारी सभा आहे ना? तूच सांग. उभी राहून."

"तिथं पन्नास माणसं असतील, नॉरिस."

"त्या दिवशी सत्तर होती."

एवढ्यात शेजारची डोरीन पर्किन साक्षीची सही करायला आली. दुसरा साक्षीदार म्हणून मिस ऑलसप यांचा कारकून यायचा होता. नॉरिसने विचारले, "कारकून कशाला? मी आहे की इथं." मी सांगितले की तू चालणार नाहीस; मृत्युपत्राला जो साक्षीदार होतो त्याला त्यातून काही मिळत नाही, असा कायदा आहे.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. कपाटही नाही."

"मग पेन दे," तो म्हणाला, आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

डोरीन म्हणाली, "अहो, इतकं सुंदर कपाट आहे."

"बाई, मला हिच्याकडून मेल्यावरचं काही नको. जे काय द्यायचं ते गुरुवारी देईल."

कलम ७. सबब कलम ६ रद्द. क्लेमेंटचे सैन्य कपाटासह मंडळाला. कलम ५ माझ्या पश्चात कोणी वाचू नये. ते मी स्वतः गुरुवार दि. २८ रोजी संध्याकाळी सात वाजता मेथडिस्ट हॉलमध्ये उभी राहून वाचेन. हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही, हे मला कळते. लिहिले नाही तर मी जाणार नाही, हेही मला कळते. काळ कोणता निवडायचा, ते त्यानंतर ठरेल. मी नॉरिसला विचारले, तर तो म्हणाला, "आधी तू बोल, मग बघू," आणि गुरुवारी साडेसहाची बस अजून तुमच्या गल्लीवरून जाते का, ते विचारले. जाते, असे मी सांगितले.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

स्थळ: इल्केस्टन
दिनांक: २६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

(सही) विनिफ्रेड ओल्डरशॉ

साक्षीदार:

१. (सही) डोरीन पर्किन, शेजारीण

२. (सही) नॉरिस गॉडबर, निवृत्त ओतारी. तारीख आणि साल तीनदा तपासून सही केली. बरोबर आहे, बदका.