ट्यूबाने गिळलेला चेंडू

ब्लॅकपूल, ऑगस्ट १९२६

ती. केझिया आत्या हिला भाचा अँब्रोजचा साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.) तुझा दमा कसा आहे? प्रार्थनामंदिरातल्या तुझ्या ऑर्गनचा भाता अजून मधेच शिट्टी मारतो का? माझी तब्येत बरी आहे. धंदा मात्र गेल्या आठवड्यात बुडायची वेळ आली होती, ती हकीकत ऐक.

अकरा वर्षांपूर्वी मी घरातून निघालो तेव्हा तू म्हणालीस, "देवाने हात दिले ते ऑर्गन वाजवायला, वस्तू फेकायला नव्हेत." तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मी दोन्ही करतो. टेबलावर आठ पितळी घंटा मांडतो आणि पाच चेंडू असे उडवतो, की उतरताना प्रत्येक चेंडू हव्या त्या घंटेवर आपटून चाल उमटते. सूर एकही चुकत नाही. आणि तिथेच घोडं अडलं. जाहिरातीत ‘विनोदी’ हा शब्द हातभर अक्षरांत, आणि लोक टोप्या काढून, माना खाली घालून ऐकायचे. एका म्हातारीने तर शेवटी ‘आमेन’ म्हटलं. मी नाकाला लाल रंग लावला, विजार दोन मापं मोठी घेतली; तर लोकांना वाटलं, बिचारा सर्दीने खंगलाय.

धक्क्यावरच्या आमच्या नाट्यगृहाचे मालक मिस्टर ओग्डन (भला माणूस, पण त्यांचे दात कोणी पाहिलेले नाहीत) सोमवारी म्हणाले, "अँब्रोज, शनिवारपर्यंत लोक हसले नाहीत तर तुझ्या जागी सील मासा आणतोय. तोही घंटा वाजवतो, आणि लोक लोळून हसतात."

"त्याचं चुकतं का?"

"सारखं!"

आत्या, हे माझ्या डोक्यातून जाईना. बरोबर येण्यात माझी अकरा वर्षं गेली, आणि लोकांना चुकण्यात काय एवढं सापडतं?

उत्तर गुरुवारी दुपारच्या खेळात मिळालं. एक चेंडू घंटेच्या काठाला लागून तिरका सुटला, तो थेट खाली वादकांत. तिथे मिस थर्झा हार्गरीव्हज ट्यूबा वाजवते. (पोटाला विळखा घालणारं ते पितळी धूड. ते पेलणारी बाई शांत असते आणि तिच्याशी वाद घालू नये.) चेंडू आता जमिनीवर आपटणार, इतक्यात ट्यूबाचं तोंड त्याच्याखाली आलं आणि त्याने तो गिळला. पुढचा सूर घसा बसलेल्या म्हशीसारखा निघाला. थर्झाने चेहऱ्यावरची रेषही न हलवता ट्यूबा उपडा केला. चेंडू शेजारच्या ढोलावर पडला, ढम्म झालं, आणि उसळून माझ्या हातात आला, तोही तालात! लोक असे हसले, की मिस्टर ओग्डन कुठे आग लागली बघायला धावत आले.

खेळानंतर तळलेला मासा खाता खाता मी थर्झाला विचारलं, "चेंडू तिथेच येणार, हे तुम्हाला कळलं कसं?"

"चुकायच्या आधी तुमचा डावा कान हलतो."

"तुम्ही माझा कान बघता?"

"चार महिने झाले. तुम्ही घंटांतून मान वर काढाल तर कळेल!"

इतकी वर्षं हजारो लोकांनी माझे चेंडू पाहिले, आत्या. कान पाहणारी ही पहिलीच. आता तो चेंडू आम्ही रोज मुद्दाम ट्यूबात टाकतो. निम्म्या वेळा नेम चुकून तो बाहेरच पडतो, तेव्हा लोक आणखी हसतात. सील मासा येत नाही.

मंदिरातल्या सर्वांना नमस्कार, तुझ्या मांजराला आशीर्वाद.

तुझा
अँब्रोज

ता. क. वर एक लिहायचं राहिलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी थर्झाचं आणि माझं लग्न आहे, तुमच्याच मंदिरात. पाद्रीबुवा तयार आहेत. ते म्हणाले, "पण ऑर्गन वाजवणाऱ्या बाई नाटकवाल्यांसाठी वाजवत नाहीत." म्हणजे तू. वाजवशील का गं? अकरा वर्षांत तुझा एक सूर कानावर पडलेला नाही.

आणखी ता. क. पत्र थर्झाने वाचलं. म्हणते, कान वगैरे काही हलत नाही. तोंडातली पेपरमिंटची गोळी खाली पडली, ती उचलायला ती वाकली, म्हणून ट्यूबा कलला. मी म्हटलं, "मग ते चार महिने बघणं?" ती म्हणाली, "ते खरंय. बघत बसले होते, म्हणून तर गोळी पडली."