ग्रीसचा मंत्री आणि एनओसी

जुलै २०१५, हमरिया

ग्रीसच्या अर्थमंत्र्यानं राजीनामा दिला आणि मोटरसायकलवरून निघून गेला, मागे बायको. मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मीही होतो, चिपळूणला. आता इथे आखातात दुकान सांभाळतो.

टीव्ही बघताना खोलीतल्या रफिकभाईंनी विचारलं, "खलास? अर्बाबनं एनओसी दिली काय त्याला?" इतका हसलो! मालकानं 'हरकत नाही' असं लिहून दिल्याशिवाय इथे नोकरी बदलता येत नाही, म्हणून ग्रीसलाही तोच कायदा!

पण घरी जायला मला कुणाची एनओसी हवी? लगेच बायकोला फोन लावला. "सुमन, सोडून येऊ का गं?" ती म्हणाली, "आता कशाला? आम्हाला सवय झालीय."

रफिकभाई इफ्तारीला मशिदीत गेलेत. टीव्हीवर पुन्हा तीच मोटरसायकल, मागे बायको.

अर्बाबची हरकत नव्हतीच कधी.